फुंकर

वुडलँड्स, सिंगापूर
१४ ऑगस्ट २००६

प्रिय प्रबोध,

विषय अत्यंत गंभीर आहे, तेव्हा बसून वाच. आमच्याकडे नवीन राईस कुकर आला आहे. भात झाला की तो तीन वेळा बारीक शीळ घालतो, असं खोक्यावर चार भाषांत छापलं आहे. चार भाषांनी एकमताने खोटं बोलावं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. कुकर शीळ घालत नाही. मी पेपर वाचत वाट पाहत बसतो, भाताचा आत गोळा होतो आणि दोष माझ्याकडे येतो. कंपनीला दोन पत्रं लिहिली. शेवटी त्यांचा माणूस आला. त्याने भांड्यात पाणी घालून कुकर चालवला, दिवा विझल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, वाजला ना. ओके लाह." हिरा ओट्यापाशी होती. तीही म्हणाली, "अहो, वाजतोय की." म्हणजे कंपनी आणि बायको यांची युती झाली आहे, आणि ग्राहक अल्पमतात. इति कुकरोपाख्यान.

तू म्हणशील, तेवीस वर्षं तोंड न बघता काढली आणि आता हा कुकर घेऊन आला. तुझा वाईचा पत्ता आपल्या वर्गातल्या शिरीषकडून मिळवला. त्यानेही विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हणालो, "कुकरबद्दल लिहायचंय." त्याने पत्ता दिला, पण आवाजात थोडी काळजी होती.

माझी हकिकत दोन ओळींत. मस्कतच्या भारतीय शाळेत अकरा वर्षं संस्कृत शिकवलं, मुलांनी मला त्या बदल्यात अरबी शिकवली, सौदा माझ्या फायद्याचा झाला. हिरा नर्स आहे, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून १९९७ ला तिच्यामागून आलो. मुलगी स्नेहल सतरा वर्षांची आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. गॅलरीतून जोहोरला जाणारा पूल दिसतो. भाडं कमी, वारा बरा.

आणि आता वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला पुन्हा शिक्षाशास्त्राचीच, म्हणजे आपल्या जुन्या उच्चारशास्त्राचीच, नोकरी लागली आहे. वन-नॉर्थला एक संस्था आहे, तिला अरबीच्या सगळ्या बोली यंत्राला शिकवायच्या आहेत. सिंगापुरातले अरब बहुतेक हद्रमौतचे, म्हणजे येमेनच्या पूर्वेकडच्या खोऱ्यातले. व्यापाराला आले, इथल्या मलाय घरांत लग्नं केली, आणि दोन-तीन पिढ्यांत बोली घरातून गेली. आता हद्रमी बोलणारं माणूस शोधावं लागतं. एक सापडलं आहे. ते ऐकायचं आणि उच्चारचिन्हांत उतरवायचं, हे माझं काम. प्रकल्पाची प्रमुख मेधा नावाची मुंबईची मुलगी आहे, माझ्या निम्म्या वयाची. तिने मुलाखतीत विचारलं, "काका, तुमची पात्रता काय?" मी म्हणालो, "कान."

१९८३ बद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तुझी तब्येत कशी आहे?

धम्मानंद


वुडलँड्स
१८ सप्टेंबर २००६

प्रबोधशास्त्री यांसी,

उत्तर नाही. बहिऱ्याच्या कानात जप करावा तसा मी वाईला पत्रं पाठवतो आहे. हरकत नाही, जपाचं पुण्य करणाऱ्याला मिळतं.

आज तुला बोलीची गंमत सांगतो, रागावला असलास तरी ही तू वाचशीलच. आपल्याकडे संस्कृतातला 'य' लोकांच्या तोंडी 'ज' झाला, योग्याचा जोगी झाला, यमुनेची जमुना झाली. हद्रमौतच्या खोऱ्यातली माणसं उलट्या दिशेने चालत आली आहेत. किताबी अरबीतला 'ज' हे 'य' करतात. जबल म्हणजे डोंगर, तो यबल. जिद्दा म्हणजे आजी, ती यिद्दा. मधे कुठेतरी आपली आणि त्यांची गाठ पडून नमस्कार झाला असणार. घशातल्या खोल 'क'चा हे 'ग' करतात, त्यामुळे कॉफी 'गह्वा' होते. आणि यावर तू मान हलवशील: पुरुषाने 'मी' म्हणताना 'अना' म्हणायचं, बाईने 'अनी'. संस्कृताने दगडधोंड्यांना लिंगं वाटली, पण 'अहम्'ला हात लावला नाही. इथे बाईने नुसतं 'मी' म्हटलं की भाषा सांगते, ही बाई.

आमच्या यिद्दा ब्याऐंशी वर्षांच्या. नाव मुझ्ना. पंधराव्या वर्षी लग्न होऊन बोटीने इथे आल्या. वडील मातीच्या विटा पाडायचे. त्या मुलखात सात-आठ मजली घरं मातीच्या विटांची असतात, आणि ती बांधणारे त्यांत राहत नाहीत. तिकडेही उतरंड आहे. वर सय्यद, शेख, मग टोळीवाले, आणि तळाला माती कालवणारे. ऐकताना मला कुठेही अवघड गेलं नाही.

नातीचं नाव लुत्फिया, ईस्ट कोस्टला फ्लॅट आहे, बँकेत असते. घरात मलाय बोलतात. यिद्दांबरोबर ही बोली बोलणाऱ्या तीन बायका होत्या, शेवटची १९९१ ला गेली. तेव्हापासून त्या ही बोली फक्त मांजराशी बोलतात.

पहिल्या दिवशी मी मस्कती अरबीत नमस्कार केला. पडद्यामागून उत्तर आलं, आणि लुत्फिया हसायला लागली.

"काय म्हणाल्या?"

"रेडिओ कुणी लावला, म्हणाली."

हो, पडदा. त्या परक्या पुरुषासमोर येत नाहीत. खोलीत निळ्या फुलांचा जाड पडदा आहे, त्या तिकडे, मी इकडे, मायक्रोफोन त्यांच्याकडे. आणि एक अट आहे. रेकॉर्डिंग मी आणि लुत्फियानेच ऐकायचं, आठवड्याभरात लिहून काढायचं, आणि पुढच्या बैठकीला त्यांच्या देखत पुसायचं. प्रत ठेवायची नाही. मेधाबाईंनी हे मान्य केलं, कारण त्यांच्या यंत्राला चिन्हं पुरतात. मी कारण विचारलं तेव्हा यिद्दा म्हणाल्या, "आवाज माझा आहे, तो माझ्याबरोबर जाईल. शब्द लुत्फियाचे आहेत. ते तिला द्या."

एक प्रश्न मात्र सुटायचा आहे. किताबी अरबीत जीभ दातांच्या फटीत धरून नुसती हवा सोडायचा एक वर्ण आहे, इंग्रजी 'थिंक'मधल्यासारखा. हद्रमौतमध्ये काही ठिकाणी तो टिकतो, काही ठिकाणी साधा 'त' होतो. माझ्या हाताशी जी टिपणं आहेत ती मोठ्या घराण्यांच्या बोलीवरची, त्यांत तो आहे. विटा पाडणाऱ्यांच्या घरी तो होता की नव्हता, हे कुणी टिपलेलं मला सापडलं नाही. मी टिपणार आहे.

जगाला उपयोग शून्य. म्हणूनच तुला लिहिलं.

धम्मानंद


वुडलँड्स
३० ऑक्टोबर २००६

प्रिय प्रबोध,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "कुकर बदल. मी बरा." तेवीस वर्षांनी चार शब्द, आणि त्यांतले दोन कुकरला. मी ते फ्रीजवर लावलं आहे. स्नेहलने विचारलं, "हू इज धिस?" मी म्हणालो, माझा मित्र. म्हणताना जरा अडखळलो, तिच्या लक्षात आलं नाही.

इथे महिनाभर धूर आहे. शेजारच्या देशात रानं जाळतात, आम्ही खोकतो. जोहोरचा पूल दिसेनासा झाला होता. रोजे संपले, ईद झाली, बैठका पुन्हा सुरू झाल्या.

पुसण्याचा विधी सांगतो. मी पडद्याच्या अलीकडे रेकॉर्डर उंच धरतो. लुत्फिया मधे उभी राहून दोन्हीकडे बघते. बटण दाबलं की रेकॉर्डरच्या काचेवर अक्षरं येतात, "खात्री आहे का?" मी होकाराचं बटण दाबतो. लुत्फिया सांगते, "गेलं, यिद्दा." त्या अल्लाचं नाव घेतात आणि माझ्यासाठी गह्वा पाठवतात. आतापर्यंत पाच वेळा पुसलं.

काम बरं चाललं आहे. कधी एखादी जागा पुसट निघते, तिथे मी पेन्सिलीने टिंब ठेवून पुढे जातो. पडद्याचं कापड जाड आहे. हिरा म्हणते, "कान दाखवून घ्या." मी म्हणतो, मळ असेल. ती म्हणते, "मळ मी आठ दिवसांपूर्वी काढलाय."

तू पोस्टकार्ड पाठवलंस म्हणून आता १९८३ बद्दल लिहितो. न लिहिणं हा खोटेपणा होईल.

तू कोकणातल्या त्या म्हाताऱ्या वैदिकांच्या टेप आणल्या होत्यास. तुझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता: 'प'च्या आधीच्या विसर्गाच्या जागी ते ओठांतून एक हलकी फुंकर सोडतात, जी जुन्या शास्त्रात सांगितली आहे आणि जी मेली असं सगळे समजत होते. उपध्मानीय. तू म्हणालास, जिवंत आहे, मी ऐकली. समितीने दुसरा कान म्हणून मला बसवलं, कारण उच्चारांच्या तोंडी परीक्षेत माझ्या पुढे कुणी नव्हतं. मी चार दिवस टेप ऐकली आणि सांगितलं, फुंकर नाही. त्याने न ऐकलेलं लिहिलं आहे.

तू एवढंच म्हणालास, "धम्मा, पुन्हा ऐक."

मी पुन्हा ऐकली नाही. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी म्हणालं, याने जुना हिशेब चुकता केला. मी म्हणालो, कानाला जात नसते. वाक्य फार गाजलं. ते खरं होतं हेही सांगतो, माझ्या मनात हिशेब नव्हता. माझी आई वसतिगृहावर आली होती, 'पानी' म्हणाली तेव्हा सगळा मजला हसला होता, आणि तू तिच्यासाठी तांब्या भरून आणला होतास. क्षय झाला तेव्हा सरकारी दवाखान्यात रोजच्या इंजेक्शनला तू मला सायकलवर डबलसीट न्यायचास. तुझ्याविरुद्ध माझ्याकडे काही नव्हतं. फक्त मी जे ऐकलं नाही ते ऐकलं असं म्हणू शकत नव्हतो.

तुझा प्रबंध गेला, शिष्यवृत्ती गेली. त्याच वर्षी ते वैदिक गेले. टेपवर पुढे कुणीतरी व्याख्यानं भरून घेतली, असं ऐकलं. तेव्हा पुन्हा ऐकणं आता कुणाच्याच हातात नाही.

कुकर बदललेला नाही.

धम्मानंद


वुडलँड्स
५ फेब्रुवारी २००७

प्रिय प्रबोध,

तुझं दुसरं पोस्टकार्ड आलं नाही. चूक नाही, मीच फार लिहून बसलो.

एकशेचाळीस पानांचं पुस्तक झालं. डाव्या पानावर उच्चारचिन्हं, उजव्या पानावर मलायमध्ये अर्थ, लुत्फियासाठी. विटा कशा पाडतात, बाळंतिणीला काय देतात, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं. मेधाने सगळ्या कार्यालयाला मेल पाठवली. तिच्या यंत्राने माझी चिन्हं तपासून सांगितलं की एवढा सुसंगत मजकूर दुसऱ्या कुठल्याच बोलीचा आलेला नाही.

बोलीत अपवाद असतात, प्रबोध. एकच माणूस एकच शब्द दोन तऱ्हांनी बोलतो. हे तुला आणि मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

कान तपासून घेतले. हिराने वेळच ठरवून टाकली होती. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बोट वर करायचं. मी बराच वेळ बोट खाली ठेवून बसलो होतो, वाटलं अजून सुरू केलं नसेल. कागदावर माझ्या कानाचा आलेख असा आहे: डावीकडून चांगला चालत येतो आणि वरच्या पट्टीला आला की कड्यावरून खाली पडतो. स, फ, आणि ती दातांमधली हवा, हे सगळं कड्याखाली. समोर माणूस असलं की मी ओठांवरून वाचतो. कधीपासून वाचतो ते मलाही माहीत नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघतो म्हणून ते मला लक्ष देऊन ऐकणारा समजले. पडदा आडवा आला तेव्हा सापडलो.

तर टिंबांचं ऐक. ती एखादी नव्हती. पुस्तक पक्कं करायला बसलो तेव्हा मोजली, तीनशे सतरा निघाली. रेकॉर्डिंग पुसलेली होती, मीच पुसली होती, यंत्र दर वेळी खात्री विचारत होतं. मग मी काय केलं असेन? आपल्याला शिकवलंच आहे तसं केलं. नियम लावला. खोऱ्यातली बाई आहे, टिपणांत हा वर्ण आहे, तर इथे तो असला पाहिजे. ऐकलेलं आणि नियम यांचा मेळ बसला नाही की ऐकलेल्यावर विश्वास ठेवावा, हे मी तुझ्या प्रबंधाच्या वेळी समितीला ऐकवलं होतं. तीनशे सतरा टिंबं रबराने पुसून त्या जागी मी शास्त्र भरलं. हस्ताक्षर फार सुंदर आलं.

गेल्या शनिवारी लुत्फियाने पहिलं पान यिद्दांना वाचून दाखवलं. चिन्हं कशी वाचायची ते मीच तिला शिकवलं होतं. महिनाभर ती ऑफिसला जाताना एमआरटीच्या गाडीत पाठ करत होती. मी नेहमीच्या जागी, पडद्याच्या अलीकडे. तिने विटांचं पान वाचलं. छान वाचलं, मी तिच्या जिभेकडे बघत होतो, प्रत्येक ठिकाणी दातांत येत होती.

मग यिद्दांनी विचारलं, "हे कुठल्या बाईचं?"

"तुझंच, यिद्दा."

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठं घर होतं. त्या घरच्या बायका असं बोलायच्या. आम्ही विटा पोचवायला गेलो की जिन्यावरून, खाली न उतरता." मग त्या हसल्या. "उस्तादांनी मला मोठ्या घरात देऊन टाकलं."

लुत्फियाही हसली. तिला वाटलं, कौतुक आहे. मी गह्वा संपवला.

घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच येत होतं. कुणीतरी माझ्या आईचं बोलणं उतरवून घ्यावं, सगळीकडे 'पाणी' लिहावं, आणि ते तिला वाचून दाखवावं. आणि ते करणारा मी असावा.

मी मेधाला सगळं सांगितलं, लेखी. ती म्हणाली, "काका, यंत्र शिकून झालंय. आणि खरं सांगू, आम्हाला इतकं स्वच्छच हवं होतं. राजीनामा वगैरे देऊ नका." मग अजून हळू काहीतरी म्हणाली. ती दाराकडे वळली होती, म्हणून मला ते कळलं नाही.

पुन्हा ध्वनिमुद्रण करायचं ठरवलं आहे. यिद्दा धडधाकट आहेत. सगळं गेलेलं नाही.

धम्मानंद


वुडलँड्स
९ एप्रिल २००७

प्रबोध,

सगळं गेलं आहे.

काल ईस्ट कोस्टला गेलो होतो. या वेळी कान म्हणून स्नेहलला नेलं. तिचे कान इतके चांगले आहेत की खालच्या मजल्यावर कुणी चिप्सचं पाकीट फोडलं तरी तिला कळतं. तिला दोन दिवस शिकवलं: जीभ दातांत आली की उभी रेघ, साधा 'त' आला की आडवी. मुलगी म्हणून तिला पडद्यापलीकडे बसायची परवानगी होती. मी अलीकडे बसून यिद्दांना म्हणालो, विटांचं पुन्हा एकदा सांगा, मला नीट लिहायचं आहे.

त्यांनी सांगितलं. माती, भुसा, पाणी, एक दिवस एका कुशीवर, एक दिवस दुसऱ्या. वीस मिनिटं.

स्नेहल कागद घेऊन बाहेर आली. सगळ्या उभ्या रेघा.

"बाबा, सेम लाह. पुस्तकात आहे तेच."

"एकही आडवी नाही?"

"एकदा चुकल्या. मग थांबल्या, सॉरी म्हणाल्या, परत म्हणाल्या."

मी लुत्फियाकडे पाहिलं. तिने सांगितलं, सांगताना तिला आनंद झाला होता, की यिद्दा रोज सकाळी नमाज झाल्यावर पुस्तक घेऊन बसतात. वाचता येत नाही, म्हणून लुत्फियाकडून एक पान वाचून घेतात आणि आरशासमोर तसंच म्हणतात. जीभ बरोबर जागी येते का ते बघतात. दोन महिने झाले. मांजराशीसुद्धा आता तसंच बोलतात.

मी पडद्याशी जाऊन म्हणालो, यिद्दा, पुस्तक चुकलं आहे. तुमचं बरोबर होतं. मला ऐकू येत नाही, मी अंदाजाने लिहिलं. मस्कती अरबीत म्हणालो, हद्रमीत जमेल तसं म्हणालो, मग लुत्फियाकडून मलायमध्ये सांगितलं.

मग त्या जे बोलल्या ते लुत्फियाने मला सांगितलं, कारण पडदा होता.

"उस्ताद शिकलेले आहेत, म्हणून नम्रपणा करतात. अनी विटा पाडणाऱ्याची मुलगी. ऐंशी वर्षं चुकीचं बोलले, कुणी सांगितलंच नाही. आता सुधारतेय तर सुधारू द्या."

अनी. तेवढं मात्र त्यांचं त्यांच्याजवळ राहिलं आहे.

मी आणखी दोनदा सांगितलं. त्यांनी गह्वा पाठवला. प्यायलो. त्यांची पहिली बोली जगात फक्त त्यांच्या तोंडात होती, ती आता तिथेही नाही. नऊ तासांची होती माझ्याकडे. प्रत्येक वेळी खात्री विचारून पुसली.

हे इतकंच असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. एका म्हाताऱ्या बाईपुढे खाली मान घालायची आहे ती घालीन. लिहायचं आहे ते दुसरंच आहे, आणि ते मी फेब्रुवारीच्या पत्रातून गाळलं. खरं म्हणजे कुकरच्या पत्रातूनच गाळलं होतं, कारण तेव्हाच मला शंका आली होती, आणि म्हणूनच शिरीषकडे तुझा पत्ता मागितला.

कान तपासणाऱ्या मुलीने आलेख बघून विचारलं, "अंकल, तरुणपणी काही मोठा आजार झाला होता का?" मी नाही म्हणालो. हिरा शेजारी होती. तिने सांगितलं, क्षय झाला होता, एकोणऐंशी साली, स्ट्रेप्टोमायसिनची नव्वद इंजेक्शनं. ती मुलगी म्हणाली, मग बहुतेक तेव्हाचंच. त्या इंजेक्शनांनी काही जणांचे कान वरच्या पट्टीपासून जातात, आणि जाताना आवाज करत नाहीत. वयाने उतरलेला कान हळूहळू उतरतो, असा कड्यावरून पडत नाही. खात्रीने सांगता येणार नाही, असंही म्हणाली. हिराने परतताना माझा हात धरला होता. ती कधी धरत नाही.

नव्वद दिवस तू सायकल मारलीस. मी मागे बसून तुला व्याकरणातले संधी विचारायचो.

आता मी मागचं एकेक तपासतो आहे. मी नेहमी पहिल्या बाकावर बसायचो, तू मला लोचट म्हणायचास. मी समजत होतो की कुणाच्या बापाला भीत नाही म्हणून बसतो. उच्चारांच्या तोंडी परीक्षेत मी पहिला आलो, पण परीक्षक समोर बसायचे. तुझ्याबरोबर त्या वैदिकांकडे मी एकदा आलो होतो, आठवतं? परतताना एसटीत मी म्हणालो होतो, यांचे ओठ 'प'च्या आधी किंचित गोल होतात बघ. तू खूश झाला होतास. मी ते विसरलो. मला ते गेल्या महिन्यात आठवलं.

समितीने मला टेप दिली. टेपला ओठ नसतात.

एकोणऐंशी आधी येतं आणि त्र्याऐंशी नंतर. हा हिशेब मी रोज करतो, रोज तोच येतो. वैदिक नाहीत, टेप नाही, आणि असती तरी ती ऐकायला मला बोलावून उपयोग नाही. तू 'पुन्हा ऐक' म्हणाला होतास.

माझे कान जातील, नोकरी जाईल, यांचं मला फारसं काही वाटत नाही. मला काळजी आहे ती एवढीच, प्रबोध, की फुंकर टेपवर होती.

धम्मा